दहा मोजेपर्यंत

"बॉनेटवर हात ठेवा, भाऊ," गुलाब मिस्त्री म्हणाले.

"कायले?"

"ठेवा तर खरं."

संपतभाऊ ठोसरांनी उजव्या हाताची दोन बोटं काळ्या पत्र्याला लावली आणि लगेच मागे घेतली. शेजारी उभा असलेला त्यांचा माणूस, पहिलवान, हसला. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो थांबला.

"दहा मोजेस्तोर हात टिकला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "टिकला तर वॅक्स लावतो. नाई टिकला तर गाडी सावलीत. तुमची असो का कलेक्टरची."

ही १९९८च्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याच्या बायपासला मिस्त्रींचं पॉलिशचं काम चाले. त्या दिवशी पारा सेहेचाळीसच्या वर होता आणि दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ मला नक्की आठवते, कारण भाऊंनी तेव्हाच घड्याळ पाहिलं.

"तीनले मंत्री विश्रामगृहावर येऊन राह्यले. माह्या गाडीत बसणार हायेत. अडीचले गाडी पाहिजे. आरशासारखी."

"पाचले देतो."

"तू ऐकलं नाई काय?"

"ऐकलं न. पाचले त्या भिंतीची सावली पडते."

मी भाऊंचा ड्रायव्हर होतो. सव्वीस वर्षांचा. त्याआधी सहा वर्षं मी याच आवारात मिस्त्रींकडे पॉलिश शिकलो होतो, आणि भाऊंनी दुप्पट पगार दिला म्हणून गेलो होतो. भाऊंचा पूर्णा नदीवर रेतीचा धंदा होता. आदल्या उन्हाळ्यात एका कोतवालाने त्यांचा टिप्पर अडवला, तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे फोडले गेले. गाडी मी चालवत होतो. मागे काय चाललंय ते मी आरशात पाहिलं नव्हतं. आता भाऊंना आमदारकीचं तिकीट हवं होतं आणि त्यासाठी मंत्र्यांनी भाऊंच्याच गाडीतून सभेला जायला हवं होतं.

मिस्त्रींचा पत्र्याचा मांडव आठवड्यापूर्वीच्या वादळात उडाला होता. चार बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी तेवढी उरली होती, एका गाडीपुरती. तिच्याखाली खेडकर गुरुजींची जुनी पांढरी गाडी विटांवर उभी होती. तिची पुढची चाकं पंक्चरवाल्याकडे गेली होती आणि पॉलिश अर्धं झालं होतं.

"ते डबडं काढ तिथून," भाऊ म्हणाले.

"चाकं नाईत तिले. अन् पॉलिश अर्धं हाय. उन्हात आणली तर लावलेलं बसून जाईन."

"मंग जाळी काढ."

"तेच झालं न, भाऊ. गाडी उन्हात आली काय अन् ऊन गाडीवर आलं काय."

भाऊंनी पहिलवानाकडे नुसती हनुवटी वळवली. पहिलवान डिकीतून टॉमी घेऊन गेला. चाक काढायची ती लोखंडी सळई त्याने दोन हातांनी उचलली आणि गुरुजींच्या गाडीच्या पुढच्या काचेवर घातली. पहिल्या फटक्याला काच तडकली, दुसऱ्याला आत पडली.

"आता तिले पॉलिशची गरज नाई," तो म्हणाला.

मिस्त्रींनी काचेकडे पाहिलं. साठीचा माणूस, काटकुळा. उजव्या हाताची अनामिका अर्धीच होती. जुन्या काळी ट्रकच्या पंख्याच्या पट्ट्यात उरलेली गेली होती.

"काच फुटली," ते म्हणाले. "रंग तर हाय न अजून."

भाऊंनी त्यांना उलट्या हाताने मारलं. हातात अंगठ्या होत्या. मिस्त्रींचा चष्मा उडाला आणि ते ग्रीसच्या डब्यांवर पडले. पंक्चरवाला त्याच्या खोपटातून बाहेर आला होता, तो पुन्हा आत गेला.

"मधू," भाऊ मला म्हणाले, "तू याच्याचपाशी शिकला न बे?"

"हाव."

"मंग तू लाव. मी जेवून येतो."

मागून त्यांच्या साडूंची जीप आली होती, तिच्यात बसून ते गेले. पहिलवान राहिला. पंक्चरवाल्याची खुर्ची ओढून तो लिंबाखाली बसला आणि टॉमी त्याने मांडीवर आडवी ठेवली.

मी गाडी धुतली. पत्र्यावर पडल्या पडल्या पाण्याची वाफ होत होती. मग मी फळीवरून वॅक्सचा डबा घेतला. मिस्त्री तोवर उठून स्टुलावर बसले होते. गालावर दोन ठिकाणी कातडी फाटली होती, चष्म्याची एकच काच शाबूत होती. मी डबा उघडला तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "मधू, लावशीनच तर एकदम नको लावू. वीतभर जागा घे. लाव, पूस. मंग पुढची वीत."

त्यात कारण होतं. वॅक्समध्ये मेण असतं आणि ते पसरावं म्हणून रॉकेलसारखा पातळ पदार्थ असतो. सावलीत तो हळूहळू उडतो, मेणाची धूसर साय धरते आणि फडक्याच्या एका हाताने ती निघून खाली चमक उरते. तापलेल्या पत्र्यावर तो पदार्थ लावता लावताच उडून जातो. मागे राहतं ते भाजलेलं मेण. ते पुसून जात नाही, आणि घासलं तर रंगावर ओरखडे उठतात. काळ्या गाडीवर तर ते दहा पावलांवरून दिसतात.

मी वीतभर लावलं आणि पुसलं. दुसरी वीत लावली, पुसली. डोक्यावरचा रुमाल घामाने भिजून पुन्हा वाळला.

"असं गोंजारून राह्यला काय तिले?" पहिलवान म्हणाला. "संध्याकाळ होईन अशानं."

"असंच करा लागते."

तो उठून आला आणि त्याने टॉमी माझ्या नडगीवर मारली. फार जोरात नव्हती. मी गुडघ्यावर बसलो.

"एकदम लाव सगळं. मंग पूस. येवढी अक्कल नाई?"

मी उठलो आणि सगळ्या बॉनेटला वॅक्स फासलं. सहा वर्षांत हे मी एकदाही केलं नव्हतं. डाव्या टोकाला पोचलो तेव्हा उजवं टोक पांढरं पडलं होतं. फडकं घातलं तर ते पुढे सरकेना, नुसतं करकरायला लागलं. जोर लावला. मेण तसंच राहिलं आणि बाजूच्या काळ्या रंगावर गोल गोल ओरखडे उमटले. दहा मिनिटांत ते बॉनेट कोड फुटल्यासारखं दिसायला लागलं.

पहिलवानाच्या तेव्हा लक्षात आलं. तो मागे जाऊन खुर्चीत बसला आणि दुसरीकडे पाहायला लागला.

मिस्त्री स्टुलावरून उठले.

"भाऊ येईन अन् तुले मारीन," ते म्हणाले. "गुरुजीच्या गाडीवरची जाळी सोड. इच्यावर ताणू."

"गुरुजीचं पॉलिश?"

"जाऊ दे ते. सोड."

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. भाजलेल्या मेणावर इलाज एकच, वरून नवं वॅक्स. नव्यातला ओला पदार्थ जुन्याला भिजवतो आणि दोन्ही एकत्र सुटतात. पण त्याला सावली लागते आणि थोडा वेळ. मिस्त्री दोन्ही हातांनी डब्यातून गोळे काढून बॉनेटवर थापायला लागले. जाड थर, म्हणजे जाळी येईस्तोवर वाळणार नाही. फडक्याने थापत होते तरी मधूनमधून हात चटकन वर घेत होते. मी जाळीच्या गाठी सोडत होतो. वादळानंतर त्यांनी त्या फार पक्क्या मारल्या होत्या. दोन सुटल्या होत्या, दोन बाकी होत्या.

एक चाळीसला साडूंची जीप परत आली.

भाऊ उतरले आणि बॉनेटपाशी येऊन उभे राहिले. पांढरे चट्टे, त्यावर पिवळट लगदा, आणि मिस्त्रींची दहाही बोटं, म्हणजे साडेनऊ, त्याने भरलेली. मी गाडीपासून दहा-बारा फुटांवर होतो. माझे हात कोरडे होते.

"कोणं केलं हे?"

पहिलवान मांडीवरच्या टॉमीकडे पाहत होता. मिस्त्री थापतच राहिले.

"मधू, तुले इचारून राह्यलो."

"मिस्त्री लावून राह्यले, भाऊ," मी म्हणालो.

त्या क्षणी ते खरं होतं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वीस मिनिटं द्या, भाऊ," ते म्हणाले. "जाळी ताणतो. निघते हे."

"उन्हात लागत नाई म्हणे न तू? मंग आता कसं लागून राह्यलं?"

"निघते, भाऊ."

"मंत्री याच्यात बसवू मी? ह्या कोड फुटलेल्या गाडीत?"

"वीस मिनिटं."

भाऊंनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली. आवाज अजिबात चढला नव्हता. त्यांचा आवाज चढला की कमी मार बसतो, हे आम्हा नोकरांना माहीत होतं.

"तुहा नियम काय होता? दहा मोजेस्तोर हात टिकला पाहिजे. तसाच न?"

मिस्त्री मागे सरकले. पहिलवानाने त्यांना मानेमागून धरलं आणि बॉनेटवर वाकवलं.

"मधू, इकडे ये. मनगट धर याचं. उजवं."

मी गेलो. जाऊ नये असं मनात आलं का, हे मला पुष्कळांनी विचारलं आहे. मला आठवतं ते एवढंच की हातात जाळीची सुतळी होती, ती मी खाली टाकली आणि गेलो. मिस्त्रींचं मनगट वॅक्सने निसटत होतं.

"दोन्ही हातानं धर. दाब खाली. हां. आता तूच मोज. मी मान हलवली का पुढचा आकडा. मी हलवली नाई तर नाई."

इंजिन आत अजून गरम होतं, वरून ऊन. मी तळहात पत्र्यावर दाबला आणि म्हणालो, "एक."

मिस्त्रींचं सगळं अंग एकदम ताठ झालं.

"दोन."

त्यांच्या चपला मागे घसरल्या. पहिलवानाने गुडघा त्यांच्या पाठीत घातला.

"तीन." घशातून एक आवाज आला, तोंड बंदच होतं. "चार." वॅक्सला ताडपत्रीसारखा वास असतो. त्यात आता दुसरा वास मिसळला.

"पाच."

पाचनंतर भाऊंनी बराच वेळ मान हलवली नाही. त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि घड्याळ पाहिलं. पंक्चरवाल्याच्या खोपटात रेडिओ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मग भाऊंनी मान हलवली.

"सहा."

माझं डोकं मिस्त्रींच्या डोक्याच्या अगदी जवळ होतं. त्यांनी मान थोडी वळवली आणि माझ्या कानात काहीतरी म्हणाले. पाच-सहा शब्द.

"काय म्हणे बे तो?" पहिलवानाने विचारलं.

"काई नाई."

सात. आठ. नऊ. आठला मिस्त्रींच्या पायांतला जोर गेला, त्यानंतर त्यांना पहिलवानाने धरून ठेवलं होतं. दहा म्हटल्यावर मी मनगट सोडलं. हात उचलला गेला नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या हाताने तो सोडवून घेतला.

"टिकला की," भाऊ म्हणाले. "लाव आता वॅक्स."

ते साडूंच्या जीपमधून विश्रामगृहाकडे गेले. जाताना मला म्हणाले, "सातले गाडी पाहिजे. साफ." पहिलवानही सोबत गेला. पंक्चरवाला बाहेर आला, त्याने रिक्षा थांबवली आणि मिस्त्रींना सरकारी दवाखान्यात नेलं. मी चढायला गेलो तर म्हणाला, "तू राय तिथंच."

मी राहिलो. जाळी अर्धी सुटून लोंबत होती. बॉनेटवरचा लगदा पाऊण तासात वाळून दगड झाला. त्याच्या मधोमध मिस्त्रींच्या उजव्या हाताचा ठसा होता. तळवा, अंगठा, तीन पूर्ण बोटं आणि एक अर्धं. मनगटापाशी दोन्ही बाजूंना माझ्या बोटांच्या खुणा. तळव्याच्या जागी कातडी चिकटून राहिली होती. अकोल्यात गाडी असलेल्या प्रत्येक माणसाने तो हात आपल्या बॉनेटवर पाहिलेला होता. कोणाचा ठसा, हे कोणाला सांगायची गरज पडली नसती.

साडेचारला शोभा आली. मिस्त्रींची मुलगी, एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. नर्सच्याच साडीत, मोपेडवरून आली होती. गाडी लावली, बॉनेटपाशी आली आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली.

"बाबा बोलून नाई राह्यले," ती म्हणाली. "डॉक्टरले सांगतात, घसरून पडलो. पंक्चरवाल्या काकांनी मला सांगितलं. पण ते पोलिसांत नाही सांगणार म्हणे."

"हात कसा हाय?"

"तू विचारू नको." तिने ठशाकडे बोट दाखवलं. "हे सांगेल पण. चल, गाडी काढ. अशीच ठाण्यात नेऊ."

"शोभाताई, भाऊ जिवानं मारीन मले."

"चावी तुझ्याजवळ आहे ना?"

"हाव."

"अडीच किलोमीटर आहे ठाणं."

मी खिशातली चावी चाचपली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चालवू नको. मी पोलिसांना इथं घेऊन येते. तू फक्त हिला हात लावू नको. मी येईपर्यंत. काहीच करू नको, एवढं तर जमते ना तुला?"

"जमते."

"शब्द दे."

मी दिला. ती गेली.

पाचला पहिलवान आला, एकटाच, कोणाच्या तरी मोटारसायकलवर. मंत्री दुसऱ्याच्या गाडीत बसून गेले होते. हे त्याने सांगितलं नाही, पण त्याने टॉमी ज्या तऱ्हेने उचलली त्यावरून मला कळलं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीत. तिसऱ्याला मी जमिनीवर होतो.

"तू सांगितलं मिस्त्रीनं लावलं म्हणून. मी घाई केली हे नाई सांगितलं, म्हणून जिता हाय," तो म्हणाला. त्याला ठसा दिसला. तो खाली वाकून पाहत राहिला. त्याने नखाने एका बोटाची कड खरवडली. निघाली नाही. "हे ठेवलं काहून?"

"वाळलं. सावली पडेस्तोर नाई निघत."

"सहाले येतो. हे दिसलं न, तर तुहा हात असा ठेवीन का बोटंच उरणार नाईत मोजाले."

तो गेला. म्हणजे पाच ते सहा मी एकटा होतो. चावी माझ्या खिशात होती. टाकी भरलेली होती. पाठ दुखत होती, पण गाडी चालवता आली असती. हे सगळं मी तेव्हाही जाणून होतो.

पाच वाजून दहा मिनिटांनी भिंतीची सावली बॉनेटवर आली.

मी गाडी ढकलून भिंतीला लावली. ठशाच्या बाजूला उघड्या पत्र्यावर हात ठेवला आणि मोजलं. सहाला काढावा लागला. पंधरा मिनिटं थांबलो. पुन्हा ठेवला. दहापर्यंत टिकला.

मग मी नवं वॅक्स घेतलं आणि वीतभर लावलं. थांबलो. पुसलं. खालचं भाजलेलं मेण नव्याबरोबर उठून आलं, फडक्यावर पिवळी वडी धरली, आणि खाली पत्रा काळाभोर. पुढची वीत. ओरखड्यांवर बारीक पॉलिशचा हात फिरवला, मग वरून पुन्हा वॅक्स. ठसा शेवटी ठेवला होता. आधी मनगटाच्या बाजूच्या माझ्या बोटांच्या खुणा गेल्या. मग तळवा. अंगठा. सगळ्यात शेवटी ते अर्धं बोट. फडकं मी जळक्या तेलाच्या पिंपात टाकलं.

सहाला पाच मिनिटं कमी असताना काम झालं. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. भिंतीवरचा कावळा बॉनेटमध्ये स्पष्ट दिसत होता.

शोभाला ठाण्यात रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं. पोलीस दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वीसला भाऊंच्या बंगल्यावर आले आणि पंचनामा केला. त्याची नक्कल मी पुढे पाहिली. त्यात लिहिलं आहे: 'वाहनाचे बॉनेट स्वच्छ व चकचकीत असून त्यावर कसलाही डाग, ओरखडा अथवा ठसा आढळून आला नाही.' माझा जबाब चार ओळींचा आहे. घटनेच्या वेळी मी पाणी आणायला गेलो होतो, असं त्यात आहे. खाली माझी सही आहे.

संपतभाऊंना तिकीट मिळालं नाही. रेतीचा धंदा मुलगा पाहतो. ते अजून आहेत.

मिस्त्रींच्या तळहातावर मांडीची कातडी लावली. बोटं आत वळली ती तशीच राहिली. हात होता, पण त्याला गरम, गार, गुळगुळीत, खरबरीत काही कळत नव्हतं. दिवाळीत मी भाऊंची नोकरी सोडली. सोडली म्हणजे एका सकाळी गेलो नाही. आठ दिवस घरात बसलो आणि नवव्या दिवशी बायपासला गेलो. मांडव पुन्हा उभा राहिला होता. गिऱ्हाईक एकही नव्हतं. मिस्त्री स्टुलावर बसले होते.

मी उभा राहिलो. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"ते निघालं होतं?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"सावलीत काढलं?"

"हाव."

"मोजले होते?"

"हाव, मिस्त्री. दोन खेपा."

"ओरखडे?"

"एकबी नाई."

"मंग येते तुले काम," ते म्हणाले. मग त्यांनी उजवा हात उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "याले काई समजत नाई आता. उद्यापासून हात तू ठेव. मी मोजतो."

मी अकरा वर्षं त्यांच्याकडे काम केलं, ते वारले तोवर. शोभा त्या अकरा वर्षांत माझ्याशी बोलली नाही. डबा घेऊन यायची, ठेवून जायची. तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर ती मागच्या दाराशी आली.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "पहिलवान सगळ्या गावात सांगत फिरायचा. सहाव्या आकड्याला बाबा तुझ्या कानात काही बोलले म्हणे. सोड म्हणाले ना? हात जोडले असतील तुला. मी त्यांना कितीदा विचारलं, ते सांगायचे नाहीत."

"सोड नाई म्हणाले."

"मग?"

"म्हणाले, सोडू नको, मधू. तो तुहाबी ठेवीन."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

अकरा वर्षांत आम्ही हजारो गाड्या केल्या असतील. गाडी आली की मी बॉनेटवर हात ठेवायचो आणि मिस्त्री मोजायचे. बाकी सगळ्या कामांत त्यांना घाई खपत नसे, पण दहापर्यंत ते फार भरभर मोजत. पत्रा अजून गरम आहे, असं मला कितीदा तरी वाटायचं, तोवर त्यांचे दहा होऊन गेलेले असत. मग ते माझ्या तोंडाकडे पाहत आणि म्हणत, "हात काढ. पुन्हा मोजू."